चिकुनगुनिया : साथीचा प्रवास आणि साठवणीच्या पाण्याची मर्यादा

व्यापाऱ्यास मालाच्या वाटा ठाऊक असतात. कोणता माल कोणत्या पेठेतून निघाला, वाटेत कोठे उतरला, कोणाच्या वखारीत किती दिवस पडून राहिला आणि शेवटी कोणाच्या दुकानी पोहोचला, हे तो बिलटी आणि वही पाहून सांगू शकतो. साथीच्या रोगाचीही अशीच वाट असते. तीही नीट पाहिली तर उलगडते, आणि ती उलगडली म्हणजे रोगाला नेमके कोठे अडवावे हेही कळते. आपल्या सभासद बंधु-भगिनींपुढे अशाच एका रोगाची वाट या लेखात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्यापैकी अनेकांनी कुंथलगिरीच्या यात्रेस जाताना बार्शी पाहिली असेल. सोलापूर जिल्ह्यातील ही जुनी व्यापारपेठ. १८९७ साली कुर्डुवाडीहून तेथवर अरुंद मापाची रेल्वे आली आणि पेठेची भरभराट झाली. या गावात १९७३ साली तापाची एक मोठी साथ आली. धडधाकट माणसे एकाएकी तापाने फणफणत. हातापायांचे सांधे असे धरत की, सकाळी उठून पाण्याचा तांब्या उचलणेही कठीण व्हावे. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी या साथीची पाहणी केली, तेव्हा गावातील शेकडा सुमारे ३७ लोकांस रोगाने गाठल्याचे आढळले. म्हणजे पाच माणसांच्या घरात जवळ जवळ दोघे अंथरुणावर. रोगाचे नाव होते चिकुनगुनिया.

त्यानंतर हा रोग आपल्या देशातून जणू नाहीसा झाला. बत्तीस वर्षांनी, २००५ च्या अखेरीस, तो परत आला; आणि २००६ या एका वर्षात देशात सुमारे १३ लक्ष ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी साडेसात लक्षांहून अधिक एकट्या कर्नाटकातील आणि अडीच लक्षांहून अधिक महाराष्ट्रातील होते. हा रोग पसरतो कसा, इतकी वर्षे गप्प कसा बसतो, आणि त्याला अडविण्याचे काम कोणाचे, हे प्रश्न आपणा सर्वांच्या जिव्हाळ्याचे आहेत.

रोगाचे नाव आणि स्वरूप

पूर्व आफ्रिकेत, आजच्या टांझानियाच्या दक्षिण भागात, माकोंडे नावाचे पठार आहे. तेथे १९५२-५३ साली ही साथ प्रथम शास्त्रज्ञांच्या नजरेस आली आणि रुग्णांच्या रक्तातून विषाणू वेगळा करण्यात आला. तेथील लोकांच्या भाषेत या रोगास जे नाव होते, त्याचा अर्थ ‘वाकवून टाकणारा’ असा होतो. सांधेदुखीने माणूस कसा दुमडून चालतो, ते ज्याने एकदा पाहिले आहे, त्यास हे नाव किती यथार्थ आहे हे निराळे सांगावयास नको.

जोराचा ताप, सांध्यांची तीव्र वेदना, अंगावर पुरळ, थकवा ही याची लक्षणे होत. ताप बहुधा आठवड्याभरात उतरतो. सांध्यांचे दुखणे मात्र कित्येकांस महिनोन्‌महिने सोडीत नाही. या रोगाने मृत्यू क्वचितच येतो. तान्ही बालके, वृद्ध माणसे आणि मधुमेह किंवा हृद्रोग असलेले लोक यांना धोका अधिक असतो. तथापि मृत्यू क्वचित म्हणून रोग हलका, असे समजणे चुकीचे ठरेल. ज्याचे पोट खांद्यावरच्या पोत्यावर चालते, त्याचे सांधे दोन महिने धरले तर त्याच्या घरात काय होते, याचा विचार आपण दुकानदारांनी अवश्य केला पाहिजे.

डासाची रीत

हा रोग रुग्णाच्या स्पर्शाने, श्वासाने किंवा त्याच्या ताटातले अन्न खाल्ल्याने होत नाही. म्हणून रुग्णास वाळीत टाकल्यासारखे दूर ठेवण्याचे काहीच कारण नाही. एका माणसापासून दुसऱ्यापर्यंत त्यास नेणारा हमाल म्हणजे एडिस जातीचा डास, आणि त्यातही केवळ मादी. कारण अंडी घालण्यासाठी तिलाच रक्ताची गरज असते. हा डास काळसर असून त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात. रात्री कानाशी गुणगुणणाऱ्या डासाहून याची रीत वेगळी. हा चावतो तो दिवसा, विशेषतः सकाळी व संध्याकाळच्या आधी. आणि जरा हुसकला की एकास सोडून दुसऱ्यास चावतो. गर्दीच्या दुकानात, अडतीवर, शाळेच्या वर्गात त्याचे फावते ते यामुळेच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हा डास गटारात वाढत नाही. गटाराच्या घाण पाण्यात वाढणारे डास निराळे. यास लागते ते माणसाने भांड्यात साठविलेले किंवा पावसाने भांड्यात साचलेले, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी. रांजण, हौद, पिंप, छपरावरची उघडी टाकी, कूलर, कुंडीखालची बशी, नारळाची करवंटी, टाकून दिलेले टायर, ताडपत्रीच्या घडीतील ओंजळभर पाणी, यांपैकी काहीही त्यास पुरते. पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेस मादी अंडी चिकटवून ठेवते. पाणी वर चढून अंड्यांना लागले की अळी बाहेर पडते, अळीचा कोष होतो आणि उष्ण दिवसांत सुमारे आठ ते दहा दिवसांत नवा डास उडून जातो. अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. म्हणून उन्हाळ्यात रिकामे पडलेले पिंप पहिल्या पावसाने भरले की त्यातून लगेच डासांची पैदास होते, आणि आपणास वाटते की हे डास बाहेरून आले.

हा डास फार लांब उडत नाही. ज्या भांड्यात जन्मला, त्याच्या आसपासच्या शे-दोनशे पावलांत, फार तर काही शे मीटरांत, त्याचे सारे आयुष्य संपते. तेव्हा आपल्या दुकानात जो डास आपणास चावतो, तो बहुधा आपल्या किंवा आपल्या शेजाऱ्याच्याच पाण्यात जन्मलेला असतो.

साखळीचा हिशेब

आता रोगाचा फेरा पाहू. ताप आल्यापासून पहिले पाच-सात दिवस रुग्णाच्या रक्तात विषाणू पुष्कळ असतात. या दिवसांत त्यास जो डास चावेल, त्याच्या पोटात विषाणू जातात. तेथे ते काही दिवस वाढतात आणि डासाच्या लाळेपर्यंत पोहोचतात. त्यानंतर तो डास जगेल तोवर, म्हणजे दोन-तीन आठवडे, ज्यास ज्यास चावेल त्यास रोग देऊ शकतो. त्या नव्या माणसास बहुधा तीन ते सात दिवसांत ताप येतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो. एका फेऱ्यास ढोबळ मानाने दोन आठवडे लागतात असे धरू.

चक्रवाढ व्याजाचे गणित आपणास कोणी शिकवावयास नको. हिशेबापुरते समजा की, एका रुग्णापासून डासांमार्फत दोघांस रोग होतो. दुसऱ्या फेऱ्यात चार, तिसऱ्यात आठ, आणि दहाव्या फेऱ्यात १,०२४. दहा फेरे म्हणजे वीस आठवडे; मृगाच्या पावसापासून दिवाळीपर्यंतचाच हा काळ. पहिले दोन महिने गावास वाटते की चार-दोन तापाचे रुग्ण आहेत, इतकेच. नंतरच्या दोन महिन्यांत दवाखान्यांत जागा उरत नाही. रोगाची चाल मध्येच बदलली असे लोक म्हणतात. वास्तविक चाल पहिल्यापासून तीच असते, फक्त मुद्दल वाढलेले असते.

हेच गणित उलटही चालते. डासांची संख्या इतकी घटली की दोन रुग्णांपासून मिळून एकासच रोग होऊ लागला, तर ६४ चे ३२, ३२ चे १६ असे होत साथ आपोआप विझते. प्रत्येक डास नाहीसा करण्याची आवश्यकता नाही. एका रुग्णामागे एकाहून कमी नवा रुग्ण, एवढे साधले की पुरे.

बत्तीस वर्षांच्या मौनाचा उलगडाही याच हिशेबात आहे. एकदा हा रोग होऊन गेलेल्या माणसास सहसा तो पुन्हा होत नाही. साथ येऊन गेलेल्या गावात डास चावत राहतात, पण त्यांचे बहुतेक चावे रोग होऊन गेलेल्यांवर पडतात आणि वाया जातात. पुढे नवी पिढी जन्मास येते, नवी माणसे गावात येऊन राहतात; ज्यांना रोग कधी झाला नाही, अशांची संख्या हळूहळू वाढते. अशा गावात विषाणू पुन्हा येऊन पोहोचला की, जणू कोरड्या गवतास ठिणगी लागते. म्हणून ‘आमच्याकडे पुष्कळ वर्षांत हा रोग नाही’ हे वाक्य समाधानाचे नसून सावधपणाचे मानले पाहिजे.

बंदरे, वखारी आणि टायर

डास काही शे मीटरच उडतो, मग रोग देशोदेशी कसा जातो? उत्तर सरळ आहे : माणूस विषाणू नेतो आणि व्यापार डास नेतो.

एडिस इजिप्ती हा डास मूळचा आफ्रिकेचा. गुलामांच्या व्यापारातील जहाजांवर पिण्याच्या पाण्याची जी पिंपे असत, त्यांतून तो अमेरिका खंडात पोहोचला. त्याचा भाऊबंद एडिस अल्बोपिक्टस, ज्यास टायगर डास म्हणतात, हा आशियाचा. जुन्या टायरांच्या व्यापाराबरोबर त्याची अंडी समुद्रापार गेली. १९८५ साली तो अमेरिकेत टेक्सास राज्यात आणि १९९० साली इटलीत जेनोआ येथे वस्ती करून असल्याचे आढळले. टायर कसाही ठेवला तरी त्याच्या पोटात पावसाचे पाणी राहते, आणि कोरडी अंडी महिनोन्‌महिने टिकतात, हे आपण वर पाहिलेच.

भारतात हा रोग प्रथम १९६३ साली कलकत्त्यात ओळखला गेला. १९६४ साली मद्रासमध्ये त्याने मोठा धुमाकूळ घातला, १९६५ साली तो नागपुरापर्यंत आला, आणि १९७३ साली बार्शीस. बंदरातून रेल्वेच्या शहराकडे आणि तेथून आतल्या पेठेकडे, अशी ही वाटचाल दिसते.

दुसरी फेरी २००४ साली केनियाच्या किनाऱ्यावरील लामू या बेटावर सुरू झाली. तेथील रहिवाशांचे रक्त तपासता शेकडा सुमारे ७५ जणांस रोग होऊन गेल्याचे दिसले. आश्चर्य असे की, ते वर्ष पावसाचे नव्हे, अवर्षणाचे होते. पाणी दुर्मिळ, म्हणून लोकांनी घरोघरी ते साठवून ठेवलेले आणि दिवसेंदिवस न बदललेले. त्याच साठ्यांत डास वाढले असावेत, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. दुष्काळी भागातील आपल्या बांधवांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. नळास चार दिवसांआड पाणी येते, तेथे प्रत्येक घर म्हणजे एक लहानसे तळेच होते.

लामूहून कोमोरोस, मॉरिशस, रेयूनियन असा हिंदी महासागरातील बेटांवरून रोग पसरत गेला. रेयूनियन हे सुमारे पावणेआठ लक्ष वस्तीचे फ्रेंच बेट. तेथे २००५-०६ मध्ये सुमारे २ लक्ष ६६ हजार लोक आजारी पडले, म्हणजे तिघांत एक. तेथील विषाणूच्या एका प्रथिनात एक बारीकसा बदल घडून आला होता, आणि त्यामुळे तो टायगर डासाच्या शरीरात अधिक सहज वाढू लागला होता. पुढे असाच बदल २००७ साली केरळात दिसून आला. तेथे रबराच्या झाडांना चीक गोळा करण्यासाठी बांधलेल्या वाट्यांत पावसाचे पाणी साचे आणि त्यांत हा डास वाढे. त्याच वर्षी केरळहून इटलीस गेलेल्या एका प्रवाशाबरोबर रोग उत्तर इटलीतील दोन खेड्यांत पोहोचला आणि तेथे सुमारे दोनशे माणसांस झाला. टायगर डास तेथे आधीच येऊन बसला होता. एक रुग्ण येण्याचीच काय ती वाट होती.

आमचा एक अनुभव

२००६ च्या पावसाळ्यात आमच्या पेठेतही ही साथ आली. पहिल्या आठवड्यात दोन हमाल आले नाहीत; तिसऱ्या आठवड्यात गाडीवरचा माल उतरवून घेण्यास माणसे मिळेनात. दिवाणजी काठी टेकीत येऊ लागले. आम्ही सर्वांनी मिळून दोष दिला तो गटाराला, आणि गटार उपसून घेण्यासाठी अर्जही केला.

एके दिवशी एक आरोग्यसेविका पाहणीस आली. गटाराकडे तिने फारसे लक्ष दिले नाही. आमच्याच वखारीमागे आगीच्या भीतीने भरून ठेवलेली दोन पिंपे होती. वर्षानुवर्षे त्यांस कोणी हात लावला नव्हता. तिने त्यांतील पाणी पांढऱ्या ताटलीत घेतले आणि आमच्यापुढे धरले. त्यात असंख्य अळ्या वळवळत होत्या. नंतर तिने ताडपत्रीची घडी उलगडली, तेथेही तेच. शेवटी ती छपराजवळ पक्ष्यांसाठी टांगलेल्या पाण्याच्या भांड्यापाशी गेली. हे भांडे आमच्या मातोश्रींनी पुण्यकर्म म्हणून लावविले होते आणि त्यात रोज वरून पाणी घालण्याचा नेम कधी चुकला नव्हता. पण जुने पाणी ओतून भांडे घासण्याचा नेम कोणी केला नव्हता. त्यातही अळ्या होत्या.

आम्ही खाली मान घातली. ज्या हमालांची पाठ त्या वर्षी मोडली, त्यांना चावलेल्या डासांपैकी कित्येक आमच्याच अंगणात जन्मले असतील, हा विचार त्या दिवसापासून आमच्या मनातून गेलेला नाही. या लेखाचे निमित्तही तेच आहे.

अहिंसेचा प्रश्न

येथे आपल्या समाजात एक प्रश्न हमखास विचारला जातो : डास हा चतुरिंद्रिय जीव, त्याचा नाश करण्याचे काम जैन गृहस्थाने कसे करावे? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कोणी म्हणेल, फवारणी करा. कोणी म्हणेल, पाण्यात गप्पी मासे सोडा. श्रद्धाळू मन दोन्हींस कचरते, आणि मग पुष्कळदा काहीच होत नाही.

परंतु काहीच न करणे ही अहिंसा नव्हे. जैन आचारात हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात, मानले आहे. उघडे पिंप आठवडाभर तसेच राहिले तर शेकडो जीव आपल्या भांड्यात जन्मास येतात. मग धूर होतो, फवारणी होते, हाताच्या फटक्याने ते मरतात. आणि त्यांनी चावलेली माणसे महिनोन्‌महिने कण्हतात. या साऱ्याचा उगम आपल्या एका न झाकलेल्या झाकणात असतो. कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आपण अळ्या होऊ द्यावयाच्या आणि त्या मारण्याचे काम नगरपालिकेच्या सेवकाने करावयाचे, यात आपले हात स्वच्छ राहिले असे आम्हास वाटत नाही.

यावरचा मार्ग आपल्याच घरात आहे. आपल्या आज्या-पणज्या दुहेरी वस्त्राने पाणी गाळीत. गाळलेल्या पाण्यासही दोन घटिकांची मर्यादा असे. ती उलटली की पुन्हा गाळणे आले. पिठास मर्यादा, मसाल्यास मर्यादा, लोणच्यास मर्यादा. ठेवलेल्या वस्तूत काळाने जीवोत्पत्ती होते, म्हणून ती होण्याआधीच वस्तू वापरावी किंवा बदलावी, हा त्यातील मर्म. वर्षाकाळी जीवांची उत्पत्ती फार, म्हणून साधु-साध्वी चातुर्मासात एके ठिकाणी राहतात, त्यामागचा विचारही हाच. जीव उत्पन्न होऊ न देण्याची ही दक्षता म्हणजेच यत्नाचार. आजचे शास्त्र इतकेच सांगते की, वापरण्याच्या आणि राखून ठेवलेल्या पाण्यासही मर्यादा आहे, आणि ती सात दिवसांची आहे. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात. त्याआधी भांडे कोरडे झाले पाहिजे.

भांड्याच्या कडेची अंडी घासून काढण्यात हिंसा मुळीच नाही, असे आम्ही म्हणत नाही. म्हणूनच पहिला मान झाकणाचा. घट्ट झाकलेल्या भांड्यात अंडीच पडत नाहीत, मग मारावयाचे काही उरत नाही. जेथे झाकण शक्य नाही, तेथे दर आठवड्यास भांडे रिकामे करून, घासून, उन्हात वाळविणे हा अल्पतम हिंसेचा मार्ग. त्याउपर साथ गावात आलीच आणि आरोग्यखात्याचे लोक औषध टाकावयास आले, तर त्यांना अडवू नये. गृहस्थाच्या धर्मात विरोधी हिंसेचा विचार निराळा केलेला आहे. शिवाय तेथवर पाळी येऊ दिली, हा दोष आधीचा आणि आपला असतो.

हा उपाय नुसता कागदावरचा नाही. क्यूबा बेटातील हवाना शहरी पीतज्वर नावाचा प्राणघातक विषाणूजन्य रोग पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून होता. तो डासामार्फत पसरत असावा, असे तेथील डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ सालीच सांगितले होते. १९०० साली वॉल्टर रीड यांच्या मंडळाने ते प्रयोगाने सिद्ध केले. तो डासही हाच, एडिस इजिप्ती. त्यानंतर विल्यम गोर्गस या लष्करी डॉक्टरांनी घरोघर माणसे पाठवून पाण्याची भांडी झाकविली, ओतविली, साचलेल्या पाण्यावर तेल टाकविले. आणि १९०१ साली हवाना शहर पीतज्वरातून मुक्त झाले. तेव्हा त्या रोगावर औषध नव्हते, लसही नव्हती.

सभासदांस विनंती

आठवड्यातील एक वार ठरवावा. त्या दिवशी दुकान, वखार आणि घर या तिन्ही ठिकाणी पाण्याचा आढावा घ्यावा, जसा आपण मालाचा घेतो. आगीसाठी भरलेली पिंपे झाकावीत. ताडपत्र्या निथळवून ठेवाव्यात, जुने टायर व रिकामे डबे छपराखाली न्यावेत. छपरावरच्या टाकीचे झाकण घट्ट बसते की नाही, हे स्वतः वर चढून किंवा चढवून पाहावे. कूलर, कुंड्यांच्या बशा आणि शीतकपाटामागील पाण्याची ताटली विसरू नये. पक्ष्यांसाठी पाणी जरूर ठेवावे, पण ते रोज ओतून, भांडे पुसून नव्याने भरावे. पाणपोईचे रांजण आणि पांजरपोळातील डोणी यांची व्यवस्था आपल्याच संस्थांकडे असते. तेथेही हाच नेम लावून घ्यावा. दयेने ठेवलेल्या पाण्यातून कोणास दुखणे येऊ नये, ही जबाबदारी दयेइतकीच आपली आहे.

ताप आल्यास अंगावर काढू नये. डेंग्यूचा तापही याच डासामुळे येतो आणि आरंभी दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून डॉक्टरांस दाखवून रक्त तपासून घ्यावे. चिकुनगुनियाच्या विषाणूवर खास औषध नाही. विश्रांती, भरपूर पाणी आणि तापासाठी पॅरासिटामॉल हाच मुख्य उपचार. डेंग्यू नाही अशी खात्री होईतो ॲस्पिरीन किंवा त्यासारख्या वेदनाशामक गोळ्या मनानेच घेऊ नयेत. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. रुग्णास पहिला आठवडा दिवसाही मच्छरदाणीत झोपवावे. रुग्णास डास चावला नाही, तर साखळी तेथेच तुटते.

शेवटची विनंती थोडी खर्चाची आहे. हमाल, तोलणार, नोकर यांस ताप आला तर पहिल्या आठवड्याची मजुरी देऊन त्यास घरी पाठवावे. तो पोटासाठी कण्हत कामावर येतो, भर दिवसा वखारीत वावरतो, आणि तेथले डास त्यास चावून मग इतरांस चावतात. आठ दिवसांची मजुरी वाचविण्याच्या नादात सारी पेठ बंद पडलेली आम्ही पाहिली आहे. यात त्याच्यावर उपकार नाही; आपल्या आवारातील पाण्याने जे ऋण आपल्या खाती चढते, त्यातला हा अल्पसा भरणा आहे.

बार्शीची साथ ज्यांनी पाहिली, ती माणसे आता थोडी उरली आहेत. २००६ नंतर जन्मलेली मुले आता आपल्या गादीवर बसू लागली आहेत, आणि त्यांतील बहुतेकांस हा रोग कधी झालेला नाही. विषाणूच्या दृष्टीने पेठ पुन्हा मोकळी होत चालली आहे. तो कोणत्या गाडीने, कोणत्या प्रवाशाबरोबर येईल, हे आपल्या हाती नाही. तो आल्यावर त्यास आपल्या अंगणात डास मिळावा की न मिळावा, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. येत्या रविवारी आपापल्या वखारीमागे एकवार फिरून यावे, एवढे सांगून हा लेख पुरा करतो.